उत्तराखाली दोन रेघा

हे मी आजवर कुणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, आणि जिला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते त्या मैत्रिणीजवळही नाही. पाच वर्षं झाली. कितीदा जिभेवर आलं आणि गिळलं. आता सांगते, पण दमानं सांगते. घाई केली की मी आपोआप स्वतःच्या बाजूनं बोलायला लागते — अठरा वर्षं शिक्षिका आहे, समजावून सांगण्यात माझा हात कोण धरणार?

लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर आहे मी. राहते नांदेडला. सकाळी स्कूटी काढायची, तासाभरात गाव, संध्याकाळी परत. याला आम्ही अपडाऊन म्हणतो. नियम असा की शिक्षकानं नोकरीच्या गावातच राहावं. आता नियमाचं काय करायचं? दरवर्षी ग्रामपंचायतीचा एक दाखला आणायचा — सदर शिक्षिका गावात अमुक यांच्या घरी राहतात. तो कागद जोडला की पगारातलं घरभाडं चालू आणि तक्रारी बंद. माझ्या दाखल्यावर त्या अमुकच्या जागी माधवरावांचं नाव असायचं.

माधवराव ग्रामपंचायतीचे सदस्य. सहा-सात एकर काळी जमीन, कापूस, सोयाबीन, थोडी तूर. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात कापसाची गाठोडी पडलेली असायची. तीच कागदोपत्री माझी खोली. सगळे हसून म्हणायचे, "मॅडमची रूम." मी एक रात्रही तिथं पाठ टेकलेली नाही. मात्र जाताना शेंगा, हुरडा, ताजं ताक, काही ना काही हातात पडायचंच. माधवराव म्हणायचे, "मॅडम, तुमी तर घरच्याच हायत. पोरायलाबी सांगून ठिवलंय. कोनी साहेब आला तर मॅडम आपल्यात ऱ्हातेत म्हनायचं." मी हसायचे. पोरांना खोटं बोलायला शिकवून ठेवलंय, हे शिक्षिकेनं ऐकलं आणि हसली. बघा.

माधवराव वाईट माणूस नव्हते, नाहीत. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत बाप वाईट निघाला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, आणि सांगणारीलाही. बायको सुमनबाई, म्हातारी आई, मोठी अनिता, मधली रूपाली, धाकटा दादू. बस, एवढंच घर. बाकी कुणाची नावं लक्षात ठेवायची गरज नाही तुम्हाला.

साथीमुळं शाळा बंद पडल्या त्या वर्षीची ही गोष्ट. वरून आदेश — शाळा बंद, पण घरी शिकणं चालू पाहिजे. कसं? मोबाईलवर. मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप शेतात, मग मुलांनी काय भिंतीकडं बघून शिकायचं? म्हणून मी कागद काढले. दर सोमवारी मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे, मुलं लांब लांब उभी राहायची, मागच्या आठवड्याची वही द्यायची आणि नवीन कागद न्यायची. एकेका कागदावर सगळे विषय. भाकरीचे चार भाग करा, एक खाल्लात तर किती उरले? आजीकडून पाच म्हणी लिहून आणा. पीठ आठव्यानं मोजा आणि मग किलोत किती ते बघा. तुमच्या घरात इंग्रजी कोणकोण बोलतं? — आणि पोरांनी लिहून आणलं, बोर, मोटार, स्टार्टर, चार्जर! पानांचे ठसे काढले तर कुणी निळीत बुडवून, कुणी हळदीत. खरं सांगते, मला वेड लागलं होतं त्या कागदांचं. आणि आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख करणारे साहेब, त्यांनी माझे कागद तालुक्याच्या ग्रुपवर टाकले. मॅडम, झकास! असं लिहून. नांदेडात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते मी, आणि शेळ्या गुणाच्या होत्या म्हणून वाहवा मात्र माझी.

सगळ्यांत गुणाची रूपाली, तिसरीतली. तिचं पान कसं यायचं! भाकरीचे भाग नुसते काढलेले नाहीत, तर भाकरी करपली होती तो काळा डागसुद्धा काढलेला. साहेब दर वेळी विचारायचे, त्या तिसरीच्या मुलीचं पान आलं का?

रूपालीला घरी अभ्यासाला कोण बसवायचं? मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अक्काच करून राहिली समदं. मी निस्तं लिवते." अक्का म्हणजे अनिता. तीही माझीच विद्यार्थिनी — पहिली ते चौथी माझ्या हाताखाली. नववीत होती, तिचं हायस्कूल शेजारच्या गावाला, तेही बंद. म्हणजे ती सकाळी कापूस वेचायची आणि दुपारी बहिणीची मास्तरीण व्हायची.

आता एक बारीकशी गोष्ट सांगते. पहिलीपासून माझा एक नियम आहे. गणितात उत्तर आलं की त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या. म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही, नजर नीट तिथंच जाते. शंभर पोरांना शिकवलं, नव्वद विसरली. अनिता कधी विसरली नाही. दुसरीत असताना तिनं एकदा स्वतःच्या नावाखालीच दोन रेघा मारल्या होत्या. मी वर्गात म्हणाले, "काय गं, तू काय उत्तर आहेस का?" सगळा वर्ग खो खो हसला, तीही हसली. रूपालीला मात्र या रेघांचा भारी कंटाळा. कितीदा रागावले, ती काही मारायची नाही.

आणि मग कार्तिकातला तो सोमवार.

त्या आठवड्याच्या कागदाचं नाव मी ठेवलं होतं 'माझं घर'. घरातल्या माणसांची नावं, नातं, वय. मग वयांचा चढता क्रम लावा. सगळ्यांच्या वयांची बेरीज करा. आई आणि सर्वांत मोठं भावंड यांच्या वयात फरक किती? पुढच्या महिन्याचं कॅलेंडर काढा आणि तुमच्या घरातला महत्त्वाचा दिवस रंगवा. त्या दिवसाविषयी पाच ओळी लिहा. परिसर अभ्यास झाला, गणित झालं, मराठी झाली, चित्रकला झाली — एका दगडात चार पक्षी. साहेबांना तर फार आवडला होता तो कागद.

आधीच्या सोमवारी रूपालीनं मला विचारलं होतं, "मॅडम, तुमचं वय किती हाय?" मी म्हटलं, कशाला गं? "असंच." मुलांना असतं कुतूहल. मी सांगितलं, अडतीस.

या सोमवारी सगळी मुलं वह्या देऊन गेली. रूपालीला मी थांबवून घेतलं, कारण तिच्या पानाचा फोटो तिथल्या तिथं ग्रुपवर टाकायचा होता. वही उघडली. नेहमीसारखंच देखणं पान. आजी ६८, बाबा ४०, आई ३४, अक्का १४, मी ८, दादू ५. आणि खाली सातवं नाव — मॅडम, ३८.

मी हसले. पोरीला बापानं सांगितलं होतं ना, मॅडम आपल्यात राहतात! तिनं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मग कॅलेंडर बघितलं. पुढच्या महिन्याच्या एका चौकोनात हळद फासली होती. रंगीत खडू संपले असतील. हळदीच्या कडेला लिहिलं होतं — अक्काचं लगीन.

पाच ओळी सांगते, तोंडपाठ आहेत. माझ्या अक्काचं लगीन हाय. मला नवा परकर भेटणार. नवरदेव लई मोठा हाय. अक्का कापूस येचताना रडते. आई म्हणते समद्याच रडतेत.

पुन्हा वर गेले, वयांच्या यादीवर. आणि तेव्हा दिसलं. सगळे आकडे रूपालीचे, वाकडेतिकडे. तेवढा १४ दुसऱ्या हातचा. तो चार, त्याचं ते पोट, तो मीच गिरवून घेतला होता पहिलीत. आणि त्या चौदाच्या खाली दोन रेघा. बाकी पानभर कुठंच नाहीत. फक्त तिथं. फूटपट्टी लावून, सरळ, पेन दाबून.

काय समजायचं याचं? मला समजलं नाही असं म्हणू का? म्हणता येईल, कुणी पुरावा मागणार नाही. पण मला समजलं. त्याच क्षणी. तपासणाऱ्याची नजर नीट तिथं जावी म्हणून मी शिकवलेल्या त्या रेघा होत्या, आणि तपासणारी मीच होते. अनिता दुसऱ्या कुणाला सांगू शकत होती? हायस्कूल बंद, मैत्रिणी आपापल्या शेतात, मोबाईल बापाच्या खिशात. गावाबाहेर जाणारा एकच कागद तिच्या हाताशी होता — धाकट्या बहिणीचा गृहपाठ.

शाळेच्या भिंतीवर मी माझ्या हातानं एक पोस्टर चिकटवलं होतं. मुलीचं लग्न अठराच्या आधी नको, असं काही दिसलं तर या नंबरवर फोन करा. चार आकडी नंबर. खळ मी घरून करून नेली होती. पारावरून तो भिंतीचा तुकडा दिसतो. बसल्या जागेवरून मी तो वाचू शकत होते.

मग केला फोन? मी काय केलं ते ऐका.

मनात आधी माधवरावांचा दाखला आला. खोटं बोलत नाही, पोर नाही आली मनात आधी, दाखलाच आला. फोन केला तर चौकशी होणार. कुणी सांगितलं? मॅडमनं. कोण मॅडम? आमच्याच घरी ऱ्हातेत म्हणून आमी लिवून देतो त्या. आणि मग माझी चौकशी. किती वर्षं राहता? कुठल्या खोलीत? कापसाच्या? मग पगारातून वसुली, आणि वर बदली — किनवटच्या जंगलातली एखादी शाळा. नवरा नांदेडला, मुलगी नववीत, तिचं ट्यूशन. एवढं सगळं मी किती वेळात विचार करून मोकळी झाले असेन? रूपालीनं पारावरचा एक खडा उचलून कुत्र्याला मारला आणि परत येऊन उभी राहिली, तेवढ्या वेळात.

बरं, गप्प बसायचं होतं तर नुसतं गप्प बसता आलं असतं. वही परत द्यायची, फोटो नाही टाकायचा, झालं. पण साहेबांनी पान मागितलं होतं, आणि मला ते पाठवायचंही होतं, वाहवाही हवी होती. शिवाय आणखी एक — मी पहिल्या ओळीवर लाल पेनानं बरोबरची खूण करून बसले होते. लाल खूण म्हणजे मॅडमनं वाचलं. उद्या कुणी वही उघडली तर? चोराच्या मनात चांदणं.

मी रूपालीकडं खोडरबर मागितलं. चौदा पेनानं लिहिलेला, तो रबरानं कुठला जातोय. म्हणून पान उलटलं आणि तिला म्हटलं, "हे नव्यानं लिही. अक्काचं वय चुकलंय. एकोणीस लिही."

ती म्हणाली, "पर मॅडम, अक्का चौदाची हाय."

मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "तुला जास्त कळतं का मला? मी शिकवलंय तिला."

पोर लिहायला बसली. आठ वर्षांची. तिचं उत्तर बरोबर होतं आणि तिची शिक्षिका तिला ते चूक म्हणून सांगत होती. या एका गोष्टीपाशी तरी मी थांबायला नको होतं का? नाही थांबले. उलट मी हुशारीनं पुढं बघितलं. आई ३४ आणि अक्का १९ — फरक पंधरा. म्हणजे सुमनबाई पंधराव्या वर्षी आई! साहेब हसतील. मग सुमनबाईंचंही वय वाढवलं, अडतीस केलं. आता फरक एकोणीस, ठीक दिसतंय. बेरीज तिनं २०७ काढली होती, अचूक. मी ती पुन्हा करायला लावली, २१६. चढता क्रम लावताना रूपाली अडली. आई ३८ आणि मॅडम ३८. तिनं विचारलं, "दोघी सारख्या असल्या तर आधी कुनाला लिवायचं?" मी म्हटलं, "कुणालाही लिही." तिनं आधी मला लिहिलं.

ते आधीचं पान, कॅलेंडरसकट, मी फाडलं. हळद खोडता येत नाही. दुसरं कॅलेंडर काढून घेतलं आणि त्यावर महत्त्वाचा दिवस म्हणून दादूचा वाढदिवस लिहायला लावला. तो त्या महिन्यात नव्हताच. पाच ओळी दादूच्या वाढदिवसावर, मी सांगितल्या तशा. शेवटी लाल पेनानं लिहिलं — छान! आणि एक चांदणी काढली.

फोटो गेला. साहेबांचा अंगठा आला, टाळ्या आल्या. कुणीतरी लिहिलं, प्रत्यक्ष जीवनाशी जोडलेला उपक्रम.

त्या पानाचा विचार मी नंतर पुष्कळ केला. रूपालीनं लिहून आणलेल्या पहिल्या पानावर सहा माणसं खरी होती आणि एकच खोटं होतं — मी. मी त्या घरात राहत नव्हते. खोटं खोडायला मी बसले होते ना? मग ते नाव सोडून बाकीचं खोडलं. माझं नाव तसंच ठेवलं, कारण साहेबांनी पान बघितलं तर दाखल्याला तेवढाच आधार. आता बोला.

फाडलेला कागद पर्समध्ये घालून घरी आले. घरी माझी लेक टेबलापाशी बसून ऑनलाईन वर्ग करत होती. तीही नववीत. तीही चौदाची. विज्ञानाच्या चाचणीत वीसपैकी सतरा पडले म्हणून मी तिला त्या संध्याकाळी केवढं बोलले! तुझं लक्ष कुठं असतं, आयुष्याचा प्रश्न आहे, चौदा वर्षांची घोडी झालीस. ती रडली. रात्री मी तिच्या आवडीचा शिरा केला. कागद गॅसवर जाळला, हळदीचा वास आला थोडा.

पुढच्या सोमवारी रूपाली आली नाही. वही घेऊन अनिता आली. हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे, ओढणी डोक्यावरून घेतलेली — आधी घेत नसे. वही दिली आणि उभीच राहिली. मी इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. कापूस झाला का वेचून? आजीचं गुडघ्याचं कसंय? "हाव," "बरं हाय," एवढंच. मग तिनं विचारलं, "मॅडम, रूपीचं मागलं पान तुमी सोता वाचलं होतं ना?"

मी म्हटलं, "वाचलं की. छान होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण मी मोबाईल काढला आणि त्यात बघायला लागले. मोबाईलमध्ये काही नव्हतं. मान वर केली तेव्हा ती निम्म्या रस्त्यात गेलेली होती.

अजून दोन आठवडे होते लग्नाला. चौदा दिवस. एक फोन, तोही नाव न सांगता करता आला असता, पोस्टरवर तसं लिहिलेलंच होतं. रोज सकाळी वाटायचं, आज करू. संध्याकाळी वाटायचं, आता उशीर झाला, घरात पाहुणे आले असतील. कधी वाटायचं, दुसरं कुणी करेल. गावात एवढी माणसं, सगळ्यांना ठाऊक, मीच का? तोंडं सगळ्यांनीच शिवून घेतलेली. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

लग्न अंगणात झालं, पंधरावीस माणसांत. मला बोलावणं होतं, घरचीच ना मी! गेले नाही. साथीचं निमित्त सांगितलं. त्याच आठवड्यात नांदेडला नणंदेच्या मुलाच्या लग्नात दोन दिवस नटून मिरवत होते, ते वेगळं. आहेर मात्र पाठवला. स्टीलचा तांब्या आणि सहा पेले, नाव घालून. दुकानदारानं विचारलं, काय नाव टाकू? मी सांगितलं, मॅडमकडून सप्रेम भेट.

इथं थांबले असते तरी कबुली पुरी झाली असती, नाही? मलाही तसंच वाटलं होतं. पण यंदाचा जून राहिला.

दर जूनला आम्ही घरोघर फिरून लहान मुलांची नोंद करतो. तीन वर्षांपुढचं कोण, अंगणवाडीत कोण जाणार, पहिलीत कोण. छापील तक्ता असतो. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आईचं वय, आईचं शिक्षण. माधवरावांच्या दारात गेले तर अंगणात एक साडेतीन वर्षांची पोरगी मातीत बसून खडे मांडत होती. अनिताची. अनिता वर्षभरापासून माहेरीच आहे. नवरा हैदराबादकडं कामाला गेला, पहिले काही महिने फोन करायचा, आता उचलतही नाही. घरी दुसरं कुणी नव्हतं. माधवराव शेतात, रूपाली शाळेत.

अनितानं खाट टाकली, पाणी आणलं. पेल्यावर माझं नाव होतं. मी प्यायले. काय करणार?

तक्ता मांडीवर घेतला. मुलीचं नाव, जन्मतारीख. तिनं सांगितली, मी लिहिली. आईचं नाव. आईचं शिक्षण — ती म्हणाली, "नववी. पुरी न्हाई." मी 'नववी' लिहिलं. राहिलं वय. मी त्या रकान्यावर पेन धरून बसले. विचारायचं तोंड नव्हतं.

तीच म्हणाली, "वय तुमीच लिवा मॅडम. तुमाला ठाऊक हाय कोनचं लिवायचं."

आवाज चढवून नाही. टोमणा मारून नाही. शाळेत विचारायची ना, मॅडम समास केवढा सोडायचा — तसंच.

माझ्या मनात हिशेब झाला, शिक्षिकेला काय वेळ लागतो? तेव्हा चौदा, आता एकोणीस. खरे एकोणीस. पाच वर्षांपूर्वी मी तिच्या बहिणीकडून जो आकडा खोटा लिहून घेतला होता, तो आज खरा झाला होता. फक्त लिहायचा होता. एक आणि नऊ. पण एकोणीस वर्षांची आई आणि साडेतीन वर्षांची मुलगी — कुणीही वजाबाकी करेल. मग विचारतील, नोंद घेणारी कोण? आणि मला पुढच्याच आठवड्यात दाखला हवा होता. यंदाही माधवरावांच्याच घरचा. लेक आता लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते, होस्टेलवर असते, एकोणीसची आहे. तिला मी रोज फोन करून विचारते, जेवलीस का, दूध घेतलंस का.

मी लिहिलं — २४.

अनिता वाकून बघत होती. तिनं हात पुढं केला. मला वाटलं, सही करायची आहे, म्हणून पेन दिलं. तिनं तक्ता माझ्या मांडीवरच सरळ केला, दुसऱ्या हातानं कागद दाबून धरला, आणि मी लिहिलेल्या चोवीसच्या खाली दोन रेघा मारल्या. सरळ, पेन दाबून. मग टोपण लावून पेन मला परत दिलं, पेला उचलला आणि आत गेली.

पोरगी अंगणात खडे मोजत होती. मी तक्ता पिशवीत घातला आणि शेजारच्या घरी गेले.